मिरर म्हणजे बॅकअप नव्हे

रविवार, २३ नोव्हेंबर २०२५. लातूर.

आले एकदाची सासरी! चौतिशीत नवरी झाले म्हणून मुदखेडच्या बायकांनी काय कुजबुजायचं ते कुजबुजून घेतलं. आज त्यांनी येऊन माझं घर बघावं. औसा रोडच्या आतल्या गल्लीत, दुमजली, मोठमोठ्या खिडक्यांचं. मागं लिंबाचं झाड, त्याला झोका. वरच्या खोलीत दुपारभर ऊन. मी आल्या आल्या तिथंच बसले आणि ही वही काढली.

संगमेश स्वभावाने फार मऊ माणूस आहे. गंजगोलाईत डाळीचं दुकान आहे. पहिली बायको उमादेवी तीन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेली. तिची मुलगी शिवानी चौथीत आहे. सासूबाई कस्तुराबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते. कपाळाला विभूती, बोलणं कमी, हात कायम कामात. सासरे पूर्वीच गेले. बैठकीत त्या दोघांच्या लग्नाचा काळा-पांढरा फोटो आहे.

लग्नात तांदळात नाव लिहायची वेळ आली तेव्हा एक लांबची काकू म्हणाली, उमाच ठेवा की, घरात तोंडात बसलेलं नाव हाय. मी हसत हसत सांगितलं, माझं नाव मंजुश्री आहे आणि ते मला पुरतं. संगमेशने माझी बाजू घेतली. तिथंच मला तो आवडला.

शिवानी मला मंजूमावशी म्हणते. आज तिनं मला झोक्यावर बसवून घेतलं आणि मुद्द्याचं विचारलं. मला कॉम्प्युटर दुरुस्त करता येतो का?

बुधवार, २६ नोव्हेंबर

एवढी वर्षं मुदखेडला क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवला, त्याचा सासरी लगेच उपयोग!

कॉम्प्युटर उमादेवीचा. ती गेल्यापासून त्यावर चादर टाकून ठेवलेली. संगमेशला त्याला हात लावायचा धीर झाला नाही. चालू केला तर हार्डडिस्क टकटक करते. याचा अर्थ ती मरायला टेकली आहे. आणि उमादेवीचे सगळे फोटो त्याच एका डिस्कवर. शिवानीच्या जन्माचे, यात्रेचे, वाढदिवसांचे. पोरगी माझ्या खुर्चीला धरून उभी. "मावशी, मम्मी जाईल का गं यातून?" मी म्हटलं, मी आहे ना.

दुपारी संगमेशबरोबर कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार वीरेश बोलका आहे. त्याने एक छोटी पेटी दाखवली. ती राउटरला जोडायची, आत दोन डिस्क बसतात, घरातल्या सगळ्यांना आपापल्या मोबाइलवरून, कॉम्प्युटरवरून तेच फोटो दिसतात. दोन्ही डिस्कवर एकच मजकूर, म्हणजे मिरर. "एक गेली तर दुसरी हायच की मॅडम, टेन्शन न्हाई." मी म्हटलं, दादा, मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. आरशापुढं जे कराल तेच आरशात होतं. एकीकडून फोटो पुसला की दुसरीकडूनही त्याच क्षणी पुसला जातो. मिरर डिस्क बिघडण्यापासून वाचवतो, चुकीपासून नाही.

शेवटी पेटी घेतलीच, पण माझ्या पद्धतीने. डिस्क सतत चालू राहायला बनवलेल्या. दोन्ही एका दिवशी एका कारखान्यातून निघालेल्या नकोत, नाहीतर आजारीही एकदमच पडतात. वीज जाते म्हणून छोटा यूपीएस. आणि वेगळी एक पोर्टेबल डिस्क. तिच्यावर कॉपी करायची, केबल काढायची आणि ती घराबाहेर ठेवायची. चोरी होवो, आग लागो, काहीही होवो.

संगमेश दुकानदाराला अभिमानाने म्हणाला, आमच्या घरी आता इंजिनिअर आली. मी इंजिनिअर नाही. पण ऐकायला बरं वाटलं.

सोमवार, १ डिसेंबर

कॉपी झाली. टकटकणाऱ्या डिस्कने शेवटपर्यंत साथ दिली, मग बंद पडली ती पडलीच.

शिवानी शाळेतून आली की आम्ही दोघी वरच्या खोलीत बसून फोटो लावतो. कोणता कुठला ते ती सांगते. उमादेवी आता मला चांगली ओळखीची झाली आहे. रुंद चेहरा, सावळी, पुढच्या दोन दातांत फट आणि हसताना डोळे गच्च मिटायची. एकाही फोटोत डोळे उघडे ठेवून हसलेली नाही. मी काटकुळी, गोरटेली, लहानपणापासून चष्मा. आमच्या दोघींत काहीच सारखं नाही. तरी ती मला आवडली. सवत म्हणवत नाही. दवाखान्यातल्या फोटोत तिच्या छातीशी एवढीशी शिवानी आहे. तो बघताना पोरीनं बोटाने आईचं कपाळ कुरवाळलं.

माझे शाळेपासूनचे फोटोही एका फोल्डरमध्ये टाकले.

रविवार, ७ डिसेंबर

वैजनाथ आला होता. माझा धाकटा भाऊ, मुदखेडच्या स्टेशनजवळ त्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. उरलेलं सामान घेऊन आला. जाताना त्याच्या हातात सगळे फोटो कॉपी केलेली पोर्टेबल डिस्क दिली. लोखंडी कपाटात ठेव, कशाला जोडू नको.

आत्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "कशाला बाहेर देतीस गं? घरातलं घरात ऱ्हाऊ दे." समजावून सांगायला गेले तर मान हलवून आत गेल्या. नंतर पाहिलं तर त्या बैठकीत लग्नाच्या फोटोपुढं उभ्या होत्या. पुसायला फडकं हातात होतं, पण पुसत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या.

वय झालं की माणूस जुन्यात रमतो. बाकी सगळं छान चाललं आहे. ज्वारीची भाकरी मला आता गोल येते.

सोमवार, १५ डिसेंबर

आज एक विचित्र गोष्ट झाली. शिवानीला शाळेत "माझे कुटुंब" असा तक्ता करायचा आहे. सिद्धेश्वराच्या यात्रेतला फोटो छापायला काढला. पाळण्यापुढं संगमेश, कडेवर शिवानी, शेजारी उमादेवी.

उमादेवीच्या डोळ्यांवर चष्मा.

मी तो फोटो स्वतः लावला होता. चष्मा नव्हता. मिटलेले डोळे होते, मला स्पष्ट आठवतं. शिवानीला विचारलं तर ती गोंधळली. म्हणाली, असेल की.

पेटी तपासली. दोन्ही डिस्कवर तोच फोटो, तोच चष्मा. फाइल बदलल्याची तारीख बघितली, तर जुनीच. कुणी छेडलं असतं तर दिसलं असतं. व्हायरसही नाही. पासवर्ड फक्त माझ्याकडे.

असू दे. माझीच नजर चुकली असेल. आज पासवर्ड मात्र बदलला.

शनिवार, २० डिसेंबर

नजर चुकली नाही.

रोज एकेक फोटो बघते आहे. चष्म्यानंतर चेहरा उतरत गेला. गाल आत गेले. दातांतली फट बुजली. रंग उजळला. कालपर्यंत कुणीतरी तिसरीच बाई वाटत होती. आज ओळखली. आरशात रोज बघते तीच.

यात्रेत मी. वाढदिवसाच्या केकपुढं मी. दवाखान्याच्या खाटेवर, छातीशी बाळ घेऊन, मी.

मग धावत माझं फोल्डर उघडलं. नांदेडच्या कॉलेजातला ग्रुप फोटो. मैत्रिणी दोन्हीकडून एका रिकाम्या जागेच्या खांद्यावर हात टाकून उभ्या आहेत. दहावीच्या फोटोतही तशीच जागा. आईबरोबरच्या फोटोत आई एकटीच हसते आहे.

संगमेशला ओढत वर आणलं. तो बघून खूश झाला. म्हणाला, कपिलधारला आपण गेलो होतो, तुझी चप्पल तुटली होती, आठवतं? मी कधी कपिलधारला गेलेच नाही. तसं सांगितलं तर हसला. मग जिना उतरताना सहज म्हणाला, "उमा, पाणी दे गं जरा."

त्याला कळलंही नाही.

मी पाणी दिलं नाही. जिन्यात उभी राहून मोठ्यानं म्हणाले, माझं नाव मंजुश्री आहे. शेजारच्यांना ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

रविवार, २१ डिसेंबर

सकाळीच वैजूला फोन केला. डिस्क काढ, दुकानातल्या नेट नसलेल्या कॉम्प्युटरला लाव, उघड आणि मला तोंडाने सांग. तो वाचल्यासारखा सांगत गेला. यात्रेतली बाई रुंद चेहऱ्याची, डोळे मिटलेले, दातांत फट. कॉलेजच्या फोटोत ताई तू मधोमध, लाल ओढणी.

फोन कानाला धरून मी रडले. आनंदानं.

म्हणजे तिकडं सगळं शाबूत आहे. घराला जे जोडलं आहे तेच बदलतं.

त्याने न विचारता तोच फोटो मोबाइलवर पाठवला. माझ्या हातात, या घरात उघडला. ओढणी होती. आत कुणी नव्हतं.

त्याला बजावलं, काही पाठवू नको. ती डिस्क इकडं आणू नको, कुणी मागितली तरी. मीच मागितली तरी.

मग वर जाऊन पेटीची वायर उपटली. दोन्ही डिस्क बाहेर काढून ठेवल्या. आरसा बंद केला. आता बघू काय करतोस.

कुणाला म्हणाले मी हे?

बुधवार, २४ डिसेंबर

पेटी बंद आहे. तरी थांबलेलं नाही. कागदाच्या अल्बममध्येही आता मीच आहे.

शिवानी अल्बम घेऊन मांडीवर येऊन बसली. दवाखान्याच्या फोटोवर बोट ठेवलं. "ही तू. मी झाले तेव्हा." आणि मला मम्मी म्हणाली.

खरं सांगते, क्षणभर गोड वाटलं. मूल मांडीवर बसून मम्मी म्हणतं आहे. हो म्हटलं असतं तर सगळं सोपं होतं. या घरात मला कुणी काही कमी केलं नसतं.

मी अल्बम मिटला. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सांगितलं, तुझ्या मम्मीचं नाव उमादेवी. ती सावळी होती. तिच्या दातांत फट होती. ती डोळे गच्च मिटून हसायची. मी मंजूमावशी. म्हण. तिनं म्हटलं. पुन्हा म्हण. पाढ्यासारखं म्हणवून घेतलं. चौथ्यांदा म्हणताना तिला रडू फुटलं. "मावशी, मी मम्मीला विसरले होते?" मी म्हटलं, तू नाही विसरलीस. तुला विसरायला लावत होतं.

दारात आत्याबाई होत्या. सगळं ऐकलं त्यांनी. शिवानीला खेळायला पाठवलं आणि खाली बसल्या.

म्हणाल्या, "माझंबी असंच झालतं, बाई."

बैठकीतल्या फोटोकडं बोट दाखवलं. त्या लग्नाला त्या नव्हत्याच. कस्तुराबाई ही मामंजींची पहिली बायको. ती वारली, मग यांना करून आणलं. तेव्हा फोटोत ती दुसरी बाई होती. ठसठशीत, नाकात मोठी नथ. वर्षभरात ती पुसत गेली आणि यांचा चेहरा आला. सगळे कस्तुरा म्हणू लागले. यांनी ओ दिली. "भांडायचं ठावंच न्हवतं गं मला. घरात जेवाय मिळतंय, नवरा मारत न्हाई. म्हटलं, नावात काय हाय."

मी विचारलं, मग तुमचं नाव काय होतं?

त्यांनी तोंड उघडलं. तसंच राहिलं. मग पदराने तोंड झाकून घेतलं.

"न्हाई येत," म्हणाल्या. "या घराला एकच सून लागती, बाई. एकच."

शुक्रवार, २६ डिसेंबर

पर्समधलं आधार कार्ड. फोटो माझा. नाव उमादेवी संगमेश.

संगमेशला सगळं सांगितलं. शांतपणे. त्याने ऐकून घेतलं. मग माझे हात धरून रडायला लागला. "जाऊ नको. आता परत जाऊ नको गं, उमा."

परत.

त्याच्या मनात ती परत आली आहे. मी गेले की ती दुसऱ्यांदा मरेल. त्याचा राग येत नाही. पण मी कुणाची जागा भरायची माती नाही. आणि तीही नव्हती. तिचा चेहरा तिचा आहे. मला तो नको.

कालचं पान आत्ता पाहिलं. मी काल काही लिहिलंच नव्हतं. पानावर माझ्याच अक्षरात, "मी उमा, सगळं ठीक आहे, भाकऱ्या करून राहिले."

रेघ मारली. कागद फाटेपर्यंत मारली.

उद्या जाते. शिवानीला नेते. संगमेशला विचारलं, मुदखेडला नेऊ का चार दिवस. हो म्हणाला. म्हणाला, "तुझीच तर लेक आहे."

आज दिवसभर भिंतींशी भांडते आहे. स्वयंपाक करताना, जिना चढताना. मंजुश्री. मंजुश्री. मंजुश्री. मार किती हाका मारायच्या त्या. मी ओ देणार नाही.

शनिवार, २७ डिसेंबर. सकाळ.

दोन्ही डिस्क अंगणात नेल्या. खलबत्त्यातला बत्ता घेतला. फोडल्या. आतल्या चकत्या उन्हात चकाकल्या — क्षणभर वाटलं त्यात दोन चेहरे — नाही बघितलं. फोडत राहिले.

मुदखेडची तेवढी राहिली. ती खरी.

शिवानीची बॅग भरली. फाटकाशी आत्याबाई. हातात पिशवी. पायात चपला. लग्न होऊन आल्यापासून लातूर सोडलं नाही म्हणतात.

"मलाबी ने."

एसटीत. दुपार.

अहमदपूर मागं गेलं. नांदेडला उतरून पुढं मुदखेड. वैजू स्टेशनवर येतो म्हणाला. फोनवर म्हणाला, ये — ये ताई — नाव घेतलं नाही त्यानं. आठवलं नाही, की —

नको. तो विचार नको.

कंडक्टरनं विचारलं, कुठं. सांगितलं. अक्षर हलतं आहे, रस्ता खराब. रस्त्यामुळंच.

मागची पानं उलटत नाही. पहिल्या पानावर मी काय म्हणून लिहिलं असेल — बघायचं नाही. मी आत्ता लिहिते ते खरं. माझं नाव मं

मंजु

थांब. येतं. मंजुश्री. लिहिलं. लिहिलं बघ!

घर लांब गेलं तरी मागं काहीतरी ओढतं आहे, केबल ताणल्यासारखं. तुटत नाही. तोडणार.

लोहा.

शिवानी खिडकीशी. स्वतःशीच म्हणते आहे. माझ्या मम्मीचं नाव उमादेवी. दातांत फट. डोळे मिटून हसायची. ही मंजूमावशी. पुन्हा पहिल्यापासून. मी सांगितलं नव्हतं म्हणायला. मागच्या सीटवरची बाई बघते आहे. बघू दे.

ती चुकली की मी सांगते. मी चुकले की ती सांगते —

आत्याबाईंनी माझा दंड धरला. घट्ट. दुखतं आहे. बाहेर बघत होत्या, तुरीचं रान, पिवळी फुलं. ओठ हलतात. आवाज नाही. डोळ्यांतून पाणी. घाबरल्यात की — नाही — हसतात —

म्हणतात, आलं. आलं गं. ओठावर आलं. पुन्हा जाईल, लवकर दे, पेन दे. सही शिकले होते मी शाळेत, म्हणतात. घ्या आत्याबाई. इथं. इथंच लिहा, माझ्या खाली, मोठ्ठं —

माझे नाव भा